पूर्वपक्ष मांडता येतो का?

मा. संपादक,
सादर नमस्कार.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही महिने एक गोष्ट सातत्याने जाणवते आहे. एखाद्या वाचकाने सरकारच्या किंवा विरोधकांच्या धोरणावर पत्र लिहिले, की चार-पाच दिवसांत त्याला उत्तर येते. पण हे उत्तर बहुतेक वेळा पत्रातल्या मुद्द्याला नसते, पत्रलेखकाला असते. तो कोणाचा भक्त आहे, कोणाचा चमचा आहे, अमुक घटना घडली तेव्हा तो कुठे झोपला होता, याची झडती घेतली जाते आणि मूळ धोरण बिचारे बाजूला उभे राहते. ही तक्रार मी केवळ इतरांविषयी करत नाही. परवा जुनी वही चाळताना, मी स्वतः आपल्याला पाठवलेल्या आणि आपण सुज्ञपणे न छापलेल्या एका पत्राचा कच्चा मसुदा हाती लागला. दीड पानाच्या त्या मजकुरात ‘अशा लोकांना’ हे शब्द मी पाच वेळा वापरले होते आणि ज्या धोरणाविषयी ते पत्र होते त्याचे नाव फक्त एकदा, तेही शीर्षकात, आले होते. ३४ वर्षे मुलांना निबंध शिकवलेल्या माणसाचे हे लेखन! एखाद्या विद्यार्थ्याने ते आणून दिले असते, तर मी समासात ‘विषयांतर’ असा शेरा मारून परत केले असते.

भिन्न राजकीय मताच्या माणसाकडे मोकळ्या मनाने पाहावे, हे तत्त्व म्हणून कोणी नाकारत नाही. अडचण अशी, की म्हणजे नेमके काय करायचे हे कोणी सांगत नाही, आणि त्यामुळे त्या जागी सोप्या गोष्टी येऊन बसतात. सर्वांत सोपी म्हणजे विषय टाळणे. ‘इथे राजकारण नको’ असे एकदा ठरले, की सगळे सुखाने हवापाण्यावर बोलू लागतात आणि मनातल्या मनात एकमेकांविषयीचे निकाल जसेच्या तसे जपून ठेवतात. दुसरी सोय ‘मतभेद असावेत, मनभेद नसावेत’ या वाक्याची. हे वाक्य मला फारसे आवडत नाही, हे कबूल करतो. ते ऐकायला गोड आहे. पण मी ते आजवर जेव्हा जेव्हा ऐकले, तेव्हा ते चर्चा संपवण्यासाठी वापरलेले होते, चर्चेला सुरुवात करण्यासाठी एकदाही नाही.

माझे एक सहकारी गणित शिकवत आणि मी मराठी. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या वर्षानुवर्षे शेजारी होत्या. निवृत्तीनंतर एका निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी त्यांनी जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप गटावर एक संदेश टाकला. तो वाचून मी त्यांचे नाव उघडले आणि अंगठ्याच्या एका दाबाने त्यांना ब्लॉक करून टाकले. त्यानंतर आठ महिने आम्ही बोललो नाही. पुढे एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या निरोप समारंभात आमची गाठ पडली आणि सवयीने आम्ही पुन्हा शेजारी बसलो. बोलणे अर्थातच सरकारी सेवांच्या खासगीकरणावर आले, कारण आमचे मूळ भांडण त्यावरचेच होते: ते खासगीकरणाच्या बाजूचे, मी विरोधातला. मी नेहमीप्रमाणे सुरुवात करणार तोच ते म्हणाले, “सर, मी कुठे चुकतो ते नंतर सांगा. आधी माझे म्हणणे काय आहे ते तुम्ही सांगून दाखवा.”

मी सांगू लागलो. तिसऱ्या वाक्यापर्यंत त्यांची मान नकारार्थी हलत होती. माझे बोलणे संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, “हे माझे मत नाही, सर. हे माझ्याविषयीचे तुमचे मत आहे.”

संपादक महोदय, मला त्या क्षणी जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही, कारण त्यांनी माझ्याकडून जे मागितले होते ते मी वर्गात कितीतरी वेळा शिकवले होते. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष येतो, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडले जाते. त्यानंतर उत्तरपक्ष, म्हणजे त्या म्हणण्याला दिलेले उत्तर, आणि मग सिद्धांत, म्हणजे अंतिम निर्णय. न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन ग्रंथाने, तर वादविवादाचे तीन प्रकार वेगळे काढून ठेवले आहेत. दोन्ही बाजू प्रमाणांच्या आणि तर्काच्या आधारे सत्यापर्यंत जाऊ पाहतात तो वाद. जिंकण्यासाठी छलही, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा मुद्दाम भलता अर्थ लावणेही, चालतो तो जल्प. आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता समोरच्याचे फक्त खंडन करत राहायचे ती वितंडा. गंमत पाहा: यातला ‘वितंडवाद’ हा शब्द आजही प्रत्येकाच्या तोंडी आहे, आणि ‘पूर्वपक्ष’ मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर क्वचितच ऐकू येतो.

ही पद्धत पाळणारे सगळे प्रामाणिक होते असा माझा दावा नाही. वेद आणि परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचेच उदाहरण घ्या. त्यांचे मूळ ग्रंथ आज जवळजवळ उपलब्ध नाहीत; ते काय म्हणत होते हे आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहून ठेवलेल्या पूर्वपक्षांतून कळते, आणि त्या मांडणीत चार्वाकांवर अन्याय झाला असावा अशी शंका अभ्यासकांनी घेतलेली आहे. तरीही निदान त्या विरोधकांना त्यांचे म्हणणे लिहून काढावेसे वाटले. मी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहिला: माझ्या राजकीय विरोधकांनी लिहिलेले सारे काही उद्या नष्ट झाले आणि त्यांच्याविषयी मी लिहिलेले तेवढे उरले, तर दोनशे वर्षांनी वाचणाऱ्याला ते लोक कोण होते असे वाटेल? लोभी, भित्रे, विकले गेलेले आणि अडाणी, एवढेच त्याला कळेल. ते असे का मानत होते याचा मागमूसही त्याला लागणार नाही.

हा दोष माझ्या एकट्याच्या स्वभावाचा नाही, याचे थोडे पुरावे मानसशास्त्रात आहेत. १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ४८ विद्यार्थी निवडले. त्यातले २४ फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि २४ विरोधक होते. सर्वांना दोन अभ्यास वाचायला दिले. एकात फाशीमुळे गुन्ह्यांना आळा बसतो असा निष्कर्ष होता, दुसऱ्यात बसत नाही असा. दोन्ही बाजूंचा पुरावा वाचून माणसे थोडी मधे सरकतील, अशी आपली साधी समजूत. प्रत्यक्षात प्रत्येकाला आपल्या बाजूचा अभ्यास भक्कम आणि दुसऱ्या बाजूचा पोकळ वाटला, आणि एकच मजकूर वाचून दोन्ही गट आपापले मत आणखी पक्के झाल्याचे सांगू लागले. ‘दोन्ही बाजू वाचा’ हा सल्ला आपण फार सहज देतो. वाचणारा कोणत्या नजरेने वाचतो यावर सारे अवलंबून आहे. हातात तांबडी शाई घेऊन फक्त समोरच्याची वही तपासायची आणि आपली मिटून ठेवायची, अशी ती तऱ्हा.

समोरचे लोक कोण आहेत याविषयीचा आपला अंदाजही भलताच असतो. अमेरिकेतील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना दोन्ही प्रमुख पक्षांच्या समर्थकांविषयी अंदाज बांधायला सांगितले होते. रिपब्लिकन पक्षाच्या समर्थकांपैकी वर्षाला अडीच लाख डॉलरहून अधिक कमावणारे किती, याचा सरासरी अंदाज ३८ टक्के आला. खरा आकडा सुमारे २ टक्के होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या समर्थकांत समलैंगिक व तत्सम ओळख असलेले लोक ३२ टक्के असावेत असे लोकांना वाटले. प्रत्यक्षात ते सुमारे ६ टक्के होते. आपल्याच पक्षाविषयीचे अंदाजही चुकले, पण विरोधी पक्षाविषयीचे अधिक चुकले. मला यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो: खरे आकडे सांगितल्यावर तीच माणसे विरोधी पक्षाच्या समर्थकांना कमी टोकाची समजू लागली आणि त्यांच्याविषयी वाटणारा दुरावाही कमी झाला. म्हणजे ज्याला आपण तात्त्विक विरोध समजतो, त्यातला काही भाग निव्वळ चुकीच्या माहितीचा असतो.

आणि स्वतःच्या मताचे काय? त्याविषयीचा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना आधी, एखादे धोरण तुम्हाला किती समजले आहे, असे विचारले आणि मग ते धोरण टप्प्याटप्प्याने कसे अमलात येते व त्याचा परिणाम कसा होतो हे लिहायला लावले. लिहून झाल्यावर बहुतेकांनी स्वतःच्या समजुतीला दिलेले गुण खाली आणले. त्यांची मतेही सौम्य झाली असे त्या संशोधकांना आढळले होते. हा दुसरा निष्कर्ष पुढे इतरांना तितका ठामपणे मिळाला नाही, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये. पण पहिला भाग मी घरी करून पाहिला. एका कोऱ्या कागदावर ‘सरकारी सेवा सरकारकडेच राहिल्या तर त्या सुधारतील कशा?’ असा मथळा लिहिला आणि खाली क्रमांक घातले. पहिला मुद्दा झटक्यात लिहिला गेला. दुसऱ्याला वेळ लागला. तिसऱ्या क्रमांकापुढे मी ‘राजकीय इच्छाशक्ती’ असे लिहिले, थोडा वेळ त्या दोन शब्दांकडे पाहिले आणि खोडले. कारण ते उत्तर नव्हते, उत्तराची रिकामी जागा होती. माझे मत यानंतर बदलले का? नाही. मी आजही खासगीकरणाच्या विरोधातच आहे. फक्त तिसऱ्या क्रमांकापुढची जागा रिकामी आहे हे आता मला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक असलेला माणूस समोरच्याला अडाणी म्हणताना जरा अडखळतो.

समारंभातल्या त्या दिवसाकडे परत येतो. मला पूर्वपक्ष मांडता आला नाही म्हटल्यावर त्यांनीच तो सांगितला, आणि सांगताना एक अशी गोष्ट बोलले जी इतक्या वर्षांत मला माहीत नव्हती. त्यांचे वडील वारल्यावर आईच्या निवृत्तिवेतनाची फाइल एका कार्यालयात कित्येक वर्षे या मेजावरून त्या मेजावर फिरत राहिली. त्यांचे म्हणणे एवढेच: वाईट सेवा देणाऱ्या दुकानदाराकडे मी उद्यापासून जाणार नाही, ही भीती दुकानदाराला असते, मला दुसरीकडे जाताच येत नसेल, तर मेजापलीकडच्या माणसाने माझ्याविषयी उत्तरदायित्व का मानावे? यात नफेखोरांची भलामण कुठेही नव्हती. मग मी त्यांना माझ्या धाकट्या भावाविषयी सांगितले. त्याचा विभाग कंत्राटदाराकडे गेला, तो तेच काम त्याच जागी अर्ध्या पगारावर करू लागला आणि आजारी पडल्यावर एका दूरध्वनीवर त्याचे काम गेले. हेही त्यांना माहीत नव्हते. इतकी वर्षे शेजारी बसून आम्ही एकमेकांना सिद्धांत ऐकवत आलो होतो. ते सिद्धांत कोणत्या अनुभवातून उगवले हे दोघांनीही विचारले नव्हते आणि सांगितलेही नव्हते.

अशा अनुभवकथनाने खरोखरच काही होते का, की ही आम्हा म्हाताऱ्यांची भावुकता, असा प्रश्न कोणी विचारील. त्याची एक कथा सांगण्याजोगी आहे. २०१४ च्या अखेरीस ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. दारोदार जाऊन केलेल्या एका छोट्या संभाषणाने समलैंगिक विवाहाविषयीची मतदारांची मते दीर्घकाळ बदलतात, असा त्याचा दावा होता. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला हे दोन तरुण संशोधक ते काम पुढे न्यायला निघाले आणि त्यांना त्यातली आकडेवारी संशयास्पद दिसली. त्यांनी आपल्या शंका सप्रमाण जाहीर केल्या आणि मे २०१५ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. आता ‘अशा संभाषणांनी काही होत नाही’ असे म्हणून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते; लोकांनीही ते मान्यच केले असते. पण आकडेवारी खोटी होती म्हणून पद्धतही खोटीच, असे त्यांनी धरले नाही. मायामीमध्ये तृतीयपंथीयांविषयीच्या पूर्वग्रहासंबंधी त्यांनी स्वतः प्रयोग केला. कार्यकर्ते दारात उभे राहून सुमारे दहा मिनिटे बोलत. भाषण देत नसत, तर तुम्हाला कधी कोणी वेगळे समजून हिणवले होते का, असे विचारून ऐकून घेत. २०१६ साली याच नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला: पूर्वग्रह कमी झाला होता आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला होता. ज्यांनी खोटेपणा उघड केला त्यांनीच त्या पद्धतीतले खरे सिद्ध केले. खुल्या मनाचे याहून चांगले उदाहरण अलीकडच्या काळात मला तरी आढळलेले नाही.

खुले मन म्हणजे मऊ मन, असा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. संविधान सभेच्या कामकाजात मसुद्यावर ७,६३५ सुधारणा सुचवल्या गेल्या आणि त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्यांचा नामोल्लेख करून आभार मानले, त्यांत ह. वि. कामत, डॉ. पंजाबराव देशमुख, प्रा. के. टी. शहा, पं. हृदयनाथ कुंझरू अशी सतत आक्षेप घेणारी मंडळी होती. सर्वांनी पक्षशिस्त मुकाट्याने पाळली असती तर कामकाज निरस झाले असते, असे ते म्हणाले; आणि यांच्या सूचना मी स्वीकारल्या नाहीत म्हणून त्या सूचनांचे मोल उणे होत नाही, असेही. या वाक्यातला पहिला अर्धा भाग लोक विसरतात. सूचना स्वीकारलेल्या नव्हत्या! नकार स्पष्ट होता, कारणे दिलेली होती आणि तरीही आभार औपचारिक नव्हते.

या सर्वाला एक मर्यादा आहे आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. धोरणाविषयीचे मत वेगळे आणि घडलेल्या गोष्टीविषयीचे असत्य वेगळे. एखादा आकडा खोटा असेल, तर तो खोटा आहे असेच म्हणावे लागते. तिथे ‘तुमचेही बरोबर, माझेही बरोबर’ चालत नाही. हिंसेची हाक देणाऱ्याशी चर्चेची पद्धत काय असावी हा प्रश्न संपादकांचा किंवा वाचकांचा नसून कायद्याचा आहे. शिवाय, खुल्या मनाचा बोजा सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्या माणूसपणावरच समोरच्याने शंका घेतली आहे, त्यालाच ‘जरा त्यांचीही बाजू समजून घ्या’ असे सांगणे मला निर्दय वाटते. तिथे ऐकून घेण्याचे काम, ज्यांना त्या मताने काही इजा होत नाही अशा आपल्यासारख्यांनी करायचे असते. पण आपली रोजची भांडणे त्या टोकाची नसतात. ती कर किती असावा, सेवा कोणी द्यावी, कोणता खर्च आधी करावा, कोणावर किती विश्वास टाकावा, यांवरची असतात, आणि त्यांना आपण धर्मयुद्धाचे कपडे चढवतो.

आता आपल्याला एक सूचना. वादग्रस्त धोरणावरील पत्र छापण्यापूर्वी पत्रलेखकाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, की त्याने पहिल्या दोन-तीन वाक्यांत विरुद्ध बाजूचे म्हणणे, त्या बाजूच्या माणसाने मान डोलवावी असे, लिहून द्यावे. पुढे त्याने त्या म्हणण्याच्या चिंध्या केल्या तरी हरकत नाही. यामुळे आपल्याकडे येणाऱ्या पत्रांची संख्या घटेल, हे मला दिसते आहे. माझे ते दीड पानाचे पत्र तर पहिल्याच चाळणीत गळाले असते. जागेची अडचण असेल तर शब्दमर्यादेतून ही वाक्ये वगळावीत, म्हणजे कोणी तेवढे निमित्त करणार नाही.

हे पत्र पाठवण्यापूर्वी मी त्या सहकाऱ्यांना वाचायला दिले, कारण त्यात त्यांची बाजू आली आहे. त्यांनी पेन्सिलीने दोन दुरुस्त्या सुचवल्या. त्यांच्या बाजूच्या मांडणीत मी ‘कार्यक्षमता’ लिहिले होते. ते खोडून त्यांनी ‘उत्तरदायित्व’ केले आणि “वेग नको होता, सर, उत्तर हवे होते” असे म्हणाले. ती दुरुस्ती मी स्वीकारली असून वर तोच शब्द ठेवला आहे. दुसरी दुरुस्ती त्यांनी माझ्या भावाविषयीच्या वाक्यात, कंत्राटदाराच्या बाजूने, सुचवली होती. ती मी घेतलेली नाही, आणि त्यावर आमचे बोलणे अद्याप चालू आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक